जुन्या जोत्यावर डिटेक्टर नुसता खिळे ओरडतो, नाहीतर गप्पच बसतो: काय करायचं

रानात पडीक घराचं जोतं सापडतं. दगडी पाया, मधोमध उगवलेलं झाड, एका बाजूला खचलेली चूल. आता इथे काहीतरी मिळणारच, अशा खात्रीने मेटल डिटेक्टर, म्हणजे जमिनीतला धातू शोधणारं मशीन, सुरू करायचा, आणि पहिल्या पावलालाच तो पत्र्यावर गारा पडाव्यात तसा तडतडायला लागतो. दहा मिनिटांत कान किटतात. मग डिस्क्रिमिनेशन चढवायचं, म्हणजे लोखंड ऐकायचंच नाही असं मशीनला सांगायचं. लगेच शांतता. दोन तास फिरून हातात बाटलीचं एक बूच येतं आणि आपण जाहीर करतो, "ही जागा आधीच कुणीतरी चाळून गेलंय."

मी तीन हंगाम हेच करत होतो. नंतर त्याच जोत्यांवर परत गेलो, तेव्हा बटणं, बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या, बकलाचा तुकडा, एक अंगुस्तान (शिवताना बोटावर घालायची टोपी), असं बरंच निघालं. जागा तीच होती आणि मशीनही तेच. म्हणून सुरुवातीलाच सांगतो: डिस्क्रिमिनेशन चढवून मिळालेल्या शांततेवर विश्वास ठेवू नका. वस्तू तिच्याखालीच असतात.

आधी हे का होतं ते थोडं बघू, कारण ते कळलं की निम्म्या सेटिंग आपोआप सुचतात. आपण वापरतो ती बहुतेक मशीन सेकंदाला साधारण ५ ते २० हजार वेळा दिशा बदलणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडतात. धातूत त्यामुळे भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात आणि त्यांचं क्षेत्र जरा उशिराने कॉइलकडे, म्हणजे दांड्याच्या टोकाला असलेल्या चकतीकडे, परत येतं. हा उशीर किती, यावरून मशीन लोखंड आणि पितळ वेगळं ओळखतं. खिळा बारीक आणि लांब असल्याने त्यात प्रवाह फारसे फिरत नाहीत, तो मुख्यतः नुसता चुंबकित होतो, आणि त्याचं उत्तर जवळजवळ उलट्या बाजूला पडतं. आता कॉइलखाली खिळा आणि बटण एकाच वेळी आले तर मशीनला दोन आवाज मिळत नाहीत, दोघांची गोळाबेरीज मिळते. ती बेरीज लोखंडाकडे झुकली की डिस्क्रिमिनेशन खिळ्याबरोबर बटणालाही गप्प करतं.

दुसरी भानगड वेळेची. एक सिग्नल नाकारल्यावर पुढचा ऐकायला तयार होईपर्यंत मशीन क्षणभर बहिरं असतं. समजा हा क्षण सेकंदाचा दहावा भाग आहे आणि तुम्ही कॉइल सेकंदाला एक मीटर या वेगाने फिरवताय. म्हणजे प्रत्येक खिळ्यामागे दहा सेंटिमीटरची पट्टी न ऐकताच गेली. जोत्यावर वीतभर अंतरावर खिळा असतो. मग उरलं काय?

ही रड फार जुनी आहे. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरात अडकलेली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपलं यंत्र घेऊन गेले. आधीच्या चाचण्यांत यंत्र नीट चाललं होतं, पण आजाऱ्याच्या खाटेवर त्याला ठिकाण सापडेना. मागाहून कळलं, की वरच्या गादीखाली पोलादी तारांची आणखी एक गादी होती. (डॉक्टरांनी शोधायला दिलेली बाजूही चुकीची होती, ते वेगळंच.) आपल्या जोत्याखालीही तीच पोलादी गादी अंथरलेली आहे, फक्त सुटी सुटी.

खिळ्यांना दोष देण्याआधी

तडतड खिळ्यांचीच आहे ना, हे आधी पक्कं करा. कॉइल जमिनीपासून वीतभर वर धरा आणि हात स्थिर ठेवा. हललं तरच बोलणाऱ्या मोडमध्ये मशीन आता गप्प बसायला हवं. तरीही किरकिरत असेल तर ती विजेची ढवळाढवळ आहे: वरून गेलेली तार, खिशातला मोबाइल, किंवा शेजारी फिरणाऱ्या मित्राचं तसंच मशीन. मोबाइल पिशवीत टाका, मित्राला लांब पिटाळा, मशीनमध्ये फ्रिक्वेन्सी थोडी सरकवायची सोय असेल तर सरकवा. त्याने भागलं नाही तर सेन्सिटिव्हिटी दोन-तीन पायऱ्या खाली आणा. आपण सगळेच ती गरजेपेक्षा जास्त ठेवतो.

प्रत्येक झोक्याच्या टोकाला, नेमका एकाच बाजूला आवाज येत असेल तर तुमचे बूट तपासा. पोलादी टोकाचे बूट घालून दिवसभर स्वतःचाच पाय शोधणारा माणूस मी पाहिलाय. पट्ट्याला लटकवलेलं खुरपंही हाच उद्योग करतं. कॉइलची वायर दांड्याला घट्ट गुंडाळलेली हवी. ती सैल पडून कॉइलजवळ हलत असेल तर खोटे टोन येतात. कॉइलच्या प्लास्टिकच्या झाकणात साठलेली काळी वाळूही काढून टाका.

कॉइल मुळांवर, दगडांवर आपटली की काही मशीन ओरडतात. रानात हे टळत नाही. अशा वेळी पाला हाताने बाजूला सारणं हाच उपाय, आणि तो कंटाळवाणा आहे.

ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मशीनला तिथल्या मातीशी जुळवून घ्यायला लावणं, लोक घराच्या आतच करतात आणि तिथेच चुकतात. कॉइल वर-खाली करताना खाली खिळा असेल तर मशीन जमिनीऐवजी खिळ्याशी जुळवून घेतं. दहा-पंधरा पावलं बाहेर जा, निखळ जागा शोधा, तिथे करा आणि मग आत या. एक अपवाद चुलीचा. भाजलेल्या मातीतल्या लोहाच्या संयुगांचं रूप बदलतं आणि ती माती आसपासच्या मातीपेक्षा जास्त चुंबकीय होते. विटांचंही तेच. पुरातत्त्वाचे लोक याच गुणावर जमीन न खणता जुन्या चुली आणि भट्ट्या शोधतात. आपल्याला मात्र चुलीजवळ बॅलन्स पुन्हा करावा लागतो, नाहीतर मशीन तिथे विनाकारण कुरकुरतं. शिवाय राखेत कोळशाचे अर्धवट जळलेले, कडक झालेले खडे असतात. ते खालच्या पण 'चांगल्या' टोनमध्ये बोलतात आणि शिशाच्या गोळीची हुबेहूब नक्कल करतात. त्यावर माझ्याकडे युक्ती नाही. दहा खणतो, मग तेवढा कोपरा सोडतो.

आता खिळ्यांकडे

पहिलं काम म्हणजे कॉइल बदलणं. मशीनबरोबर येणारी अकरा इंची कॉइल मोकळ्या माळावर छान. सहा इंची कॉइलच्या तुलनेत तिचं क्षेत्रफळ जवळजवळ साडेतीन पट भरतं, म्हणजे एका वेळी खाली येणारे खिळेही साधारण त्याच मापात जास्त. छोट्या कॉइलने खोली कमी मिळते हे खरं, पण जोत्यावरचा बराच माल वीतभर खोलीच्या आतच असतो. तो खोलीमुळे हुकत नाही, शेजारच्या खिळ्यामुळे हुकतो. या कामासाठी एकच गोष्ट विकत घ्यायची ऐपत असेल तर नवं मशीन नको, छोटी कॉइल घ्या. डबल-डी प्रकारची मिळाली तर उत्तम, कारण तिचं क्षेत्र मधल्या पट्टीत उभ्या पात्यासारखं उतरतं आणि शेजारशेजारच्या वस्तू त्याने वेगळ्या पडतात.

दुसरं, डिस्क्रिमिनेशन शून्यावर किंवा त्याच्या अगदी जवळ. हो, सगळं ऐकायचं. पण लोखंडाला खालचा टोन द्या आणि त्याचा आवाज वेगळा कमी करता येत असेल तर तो इतका कमी करा, की मागे कुणीतरी घसा खाकरतंय एवढंच वाटावं. मग कान आपोआप त्यावरून उठून दिसणारा टोन पकडतो. यासाठी हेडफोन हवाच. स्पीकरवर पानांच्या सळसळीत हे बारकावे ऐकू येत नाहीत.

तिसरं, रिकव्हरी स्पीड वाढवा. मघाशी म्हटलं ते बहिरेपण याने कमी होतं. थोडी खोली जाते, जाऊ दे.

चौथं तुमच्या हाताचं. मोकळ्या रानात आपण गवत कापल्यासारखा लांब झोका घेतो. इथे झोका हातभर, आणि कॉइल पुढे सरकवायची ती अर्ध्या कॉइलहून कमी. वेग किती? रिकव्हरी जलद असेल तर फार रेंगाळूही नका. काही मशीनना अगदी हळू फिरवलं तर दोन वस्तू एकच वाटतात. घरी एका फळीवर चार खिळे ठोका, मधे एक नाणं ठेवा, आणि नाणं सगळ्यात स्पष्ट कोणत्या वेगाला बोलतं ते ऐकून घ्या. फळी पायाने फिरवत सगळ्या बाजूंनी ऐका. एका बाजूने नाणं ठणठणीत वाजेल आणि दुसऱ्या बाजूने अजिबात नाही. मला हे जोत्यावर उमजायला महिने लागले, फळीवर एका संध्याकाळी कळलं.

म्हणूनच प्रत्येक तुकडा दोनदा चालायचा: एकदा भिंतीला समांतर, एकदा काटकोनात. दोन खिळ्यांच्या रेषेवरून कॉइल गेली तर बटण त्यांच्यात बुडतं. आडवी गेली तर क्षणभर एकटं सापडतं.

खरा टोन आणि लोखंडाची थाप

सगळं ऐकायला लागल्यावर नवी डोकेदुखी सुरू होते: लोखंडही गोड बोलतं. विशेषतः चपटं किंवा कड्यासारखं लोखंड. वॉशर, साखळीचा दुवा, डब्याचं झाकण, घोड्याची नाल, अगदी वाकून कडी झालेला खिळासुद्धा. अशा आकारात प्रवाहांना गोल फिरायला वाट मिळते, त्यामुळे मशीन फसतं आणि चांदीसारखा उंच टोन देतं. पडद्यावरच्या आकड्यावर इथे विसंबू नका. मिश्र सिग्नलमध्ये तो आकडा बेरजेचा असतो.

मी असं बघतो. टोन आला की तिथेच उभं राहून कॉइल छोट्या झोक्यात हलवतो आणि टोन नेमका कुठे येतोय ते जमिनीवरच्या एखाद्या पानाशी जुळवून ठेवतो. मग वस्तूभोवती पाव फेरी मारून काटकोनातून ऐकतो. टोन त्याच पानावर आला तर खुरपं काढायचं. टोन वीतभर सरकला, किंवा 'टिं' जाऊन नुसतं 'खर्र' उरलं, तर बहुतेक लोखंडाचं टोक बोलतंय. आणखी एक पडताळा पिनपॉइंट बटणाचा, म्हणजे वस्तूची नेमकी जागा दाखवणाऱ्या मोडचा. त्या मोडला धातू कोणता याच्याशी देणंघेणं नसतं, तो सगळ्यात मोठ्या आवाजाकडे जातो, म्हणजे खिळ्याकडे. पिनपॉइंट एका जागी आणि उंच टोन चार बोटं बाजूला, असं झालं तर तिथे दोन वस्तू असण्याची शक्यता चांगली आहे. बरेच जण याच ठिकाणी "पिनपॉइंटला लोखंड निघालं" म्हणून निघून जातात.

पावसानंतर ओल्या मातीत लोखंडाची ही थाप जास्त ऐकू येते, असा माझा अनुभव. त्या दिवशी मी मोठ्या वस्तूंच्या टोनकडे जरा संशयाने बघतो.

त्या अंगुस्तानाचं सांगतो, कारण वरचं सगळं त्यात आलं. एका जोत्याच्या कोपऱ्यात, जिथे खिडकी असावी असं दगडांवरून वाटत होतं, तिथे 'खर्र-टिं-खर्र' असा टोन यायचा. फक्त पूर्व-पश्चिम झोक्याला. उत्तर-दक्षिण केलं की नुसतं खर्र. माझ्याच नियमाने ते लोखंड, म्हणून दोन वेळा सोडून दिलं. तिसऱ्या वेळी दुसरं काही मिळत नव्हतं म्हणून बसलो. वरच्या चार बोटं मातीतून एक खिळा निघाला, चौकोनी, गंजून बोटाएवढा जाड झालेला. पुन्हा ऐकलं तर टिं जरा स्वच्छ. दुसरा खिळा आडवा, मुळात अडकलेला. तो काढल्यावर टोन सगळ्या दिशांनी सारखा वाजला. खड्ड्याच्या भिंतीत करड्या मातीची एक टोपी दिसली. अंगठ्याने माती दाबली तशी पितळेवरची टिंबं एकेक उघडी पडत गेली, ओळीने, आणि एका बाजूला चेपलेली कड. आत माती इतकी घट्ट बसली होती की काडीने काढताना आतला बोटाचा आकार अख्खाच बाहेर आला.

यातून माझा नियम बदलला. सगळ्या बाजूंनी चांगला टोन हवा, ही मागणी माळावर ठीक आहे. जोत्यावर एका बाजूने, पण दर झोक्याला आणि त्याच जागी येणारा टोन खणायचा. यात खिळे जास्त निघणार हे गृहीत धरा. माझ्याकडे दहा खड्ड्यांत सात-आठ वेळा लोखंडच असतं.

खिळे काढणं हेही कामच

सगळं करूनही एखादा कोपरा नुसता खरखरत असेल तर दोन हात लांब, दोन हात रुंद असा चौकोन दोरीने आखा आणि त्यातलं वरचं लोखंड काढून टाका. मजबूत चुंबक काठीला बांधून पाल्याखालून फिरवलं तर सुटे खिळे पटापट चिकटतात. पत्रे आणि डबे हाताने उचला. मग त्याच चौकोनात पुन्हा मशीन फिरवा. पहिल्या फेरीत मुकी असलेली जमीन बोलायला लागते. अख्ख्या जोत्यावर हे करत बसू नका, एका दिवसात दोन चौकोन पुष्कळ झाले.

कोपरा निवडताना खिळ्यांचाच उपयोग होतो. ते दाट असतात तिथे भिंत किंवा छप्पर कोसळलं. दाट पट्टा जिथे अचानक विरळ होतो तिथे बहुधा दार किंवा अंगण. उंबऱ्याबाहेरची चार-पाच पावलं, विहिरीची वाट, दोरी बांधायचं झाड, इथे लोखंड कमी आणि हातातून पडलेल्या वस्तू जास्त. खरं तर मी आता जोत्याच्या आत सगळ्यात शेवटी जातो.

खिळा घराचं वयही सांगतो. हाताने घडवलेला खिळा चारी बाजूंनी टोकाकडे निमुळता होतो. पट्टीतून कापलेला दोनच बाजूंनी. तारेचा गोल. अमेरिकेत कापीव खिळे एकोणिसाव्या शतकभर चालले आणि १८९० च्या दशकात तारेच्या खिळ्यांनी त्यांची जागा घेतली. नुसते गोल खिळे निघत असतील तर त्या जोत्यावर अठराव्या शतकातली बटणं शोधण्यात अर्थ नाही. उलटं मात्र सांगता येत नाही, कारण जुने खिळे लोक पुन्हा वापरत. सतराव्या शतकात व्हर्जिनियात खिळे इतके महाग होते, की घर सोडून जाताना लोक ते जाळून राखेतून खिळे वेचून नेत. १६४५ च्या सुमारास तिथे त्याला कायद्याने बंदी घालावी लागली. हल्ली तेच खिळे मी बादलीने काढतो आणि शिव्या देतो.

मशीनने सुटत नाही असं

मोठा पत्रा जमिनीत आडवा गाडला गेला असेल तर सेटिंगचा उपयोग नाही. त्याच्या वरचं मिळेल, खालचं मिळणार नाही. पत्रा काढायचा, नाहीतर ती जागा विसरायची. पल्स इंडक्शन नावाचं दुसऱ्या जातीचं मशीन खोल जातं म्हणून इथे आणू नका. लोखंड ओळखण्यात ते कच्चं आहे, प्रत्येक खिळ्याला खड्डा होईल.

हेडफोन लावून, नजर कॉइलवर ठेवून चालताना पडीक आड आणि शौचखड्डे दिसत नाहीत. कुजलेल्या फळ्या, पाल्याखाली दबणारी जमीन, गोल खोलगट भाग, असं काही दिसलं की काठीने चाचपून मगच पाऊल. सुरुवातीला एक चक्कर मशीन बंद ठेवून मारा. आणि काडतूस किंवा तोफगोळ्यासारखं काही दिसलं तर खणणं तिथेच थांबवून पोलिसांना कळवा.

परवानगीचा प्रश्न आधी मिटवा, कारण रानातल्या पडक्या घरालाही मालक असतो. सरकारी जमिनीवर तर नियम कडकच. अमेरिकेत संघराज्याच्या जमिनीवरून शंभर वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय वस्तू परवान्याशिवाय काढायला १९७९ च्या कायद्याने मनाई आहे. इंग्लंडमध्ये १९९६ चा कायदा ठरावीक प्रकारचा ऐवज कळवायला लावतो. भारतात जमिनीतल्या ठेव्यासाठी १८७८ चा कायदा अजून लागू आहे, आणि संरक्षित स्मारकाच्या हद्दीत तर विषयच नको.

खड्डा बुजवताना एक चूक जवळजवळ सगळे करतात: निघालेला खिळा परत त्याच खड्ड्यात टाकतात. पुढच्या वेळी तोच खिळा पुन्हा ओरडतो, आणि आता मोकळ्या मातीत तो शेजारच्या वस्तूवर जाऊन बसलेला असतो. कमरेला दोन पिशव्या ठेवा, एक मालाची, एक लोखंडाची. लोखंडाची पिशवी घरी नेऊन पाण्यात भिजवल्याशिवाय भंगारात रिकामी करू नका. माझ्या पिशवीतला गंजाचा एक चौकोनी गोळा धुतल्यावर कुलूप निघाला, किल्लीच्या भोकावरचं पितळी झाकण अजून सरकत होतं.